दोनशेचं पॅकेज, चौऱ्याण्णवचा वेग

मुरुडमध्ये नारळी-पोफळीच्या वाडीत चार खोल्या बांधून पाहुणे ठेवणारी घरं आता कमी नाहीत. खोलीचं भाडं, सुरमईच्या थाळीचा दर आणि गरम पाण्याची सोय विचारून झाली की पाहुण्यांचा पुढचा प्रश्न वायफायचा असतो. मग शंभर एमबीपीएसचं पॅकेज दोनशेवर नेलं जातं, बिल वाढतं, आणि लॅपटॉपला केबल जोडून वेग मोजला की आकडा येतो ९४. कंपनीला फोन लावला तर उत्तर मिळतं, ‘आमच्याकडून दोनशे जातायत.’ पुन्हा मोजलं तरी ९४. गंमत अशी की दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

या ९४ चं कोडं सुटणारं आहे आणि फारसं खर्चिकही नाही. पण मुरुडसारख्या गावात त्याला एक लांबलचक पूर्वपीठिका आहे. मुंबईहून इथवर येणारा निरोप प्रत्येक काळात कुठेतरी अडत आला. एक अडसर निघाला की सगळ्यांना वाटायचं, आता झालं. प्रत्यक्षात अडण्याची जागा तेवढी सरकायची: समुद्रावरून खांबावर, खांबावरून टेलिफोनच्या डीपीच्या डब्यात, डब्यातून उंबऱ्याच्या आत.

नकाशावर सरळ रेघ ओढली तर मुंबई ते मुरुड हे अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास भरतं. रस्त्याने जायचं तर तेच दीडशेच्या पुढे जातं. मुंबई बंदराला, धरमतरच्या खाडीला वळसा घालून पेण, मग अलिबाग, रेवदंड्याला कुंडलिकेची खाडी, साळाव, काशीद, नांदगाव आणि मग मुरुड. गावाच्या दक्षिणेला राजपुरीची खाडी. पलीकडे दिघीला जायचं तर आजही लाँच किंवा आगरदांड्याची गाड्या नेणारी जंगलजेटी. डोळ्यांना जवळ आणि पायांना लांब, असा हा मुलूख.

राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जंजिऱ्यानेच त्याचा सगळ्यात जुना दाखला दिला आहे. १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांनी किल्ल्यावर तोफांचा मारा करून पाहिला, आणि मग किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंतची खाडी दगड-लाकडांनी भरून वाट करण्याचं काम हाती घेतलं. रायगडापासून राजपुरीपर्यंत फौज आणि दारूगोळा आला होता. उरलं होतं ते पाण्याचं काही शे मीटर अंतर. मोगली फौज स्वराज्यात उतरल्याने महाराजांना परतावं लागलं आणि ते अंतर उरलं ते उरलंच. सिद्दींचं जंजिरा संस्थान त्यानंतरही टिकलं. त्याचा कारभार पुढे मुरुडातून चालू लागला, नबाबाचा अहमदगंज राजवाडा गावाच्या टोकाला टेकाडावर उभा राहिला, गारंबीच्या धरणाचं पाणी गावात आलं. हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं ते १९४८ च्या मार्चमध्ये.

तोवर या किनाऱ्यावर बातमीचा वेग म्हणजे बहुतेक वेळा बोटीचा वेग. खुल्या समुद्रावरची बंदरं पावसाळ्यात बंद होत. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत कोकणातल्या कित्येक गावांना टपाल डोंगरवाटेनेच मिळे. बातमी बोटीपेक्षा वेगाने पोचू शकत नसेल तर काय होतं, हे १७ जुलै १९४७ ला याच किनाऱ्याने पाहिलं. दर्श अमावास्येच्या, गटारीच्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. रेवसच्या कोळ्यांनी मासळीची होडकी वळवून जमतील तेवढे जीव वाचवले. मुंबई तिथून दिसते इतकी जवळ. पण तिथल्या कचेऱ्यांना अपघात कळायला दिवसाचे बरेच तास जावे लागले.

आणि याच मुंबईला त्याआधी पाऊणशे वर्षं लंडन जोडलेलं होतं. हिंदुस्थानात तारखातं १८५५ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुलं झालं. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्रतार टाकली, आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबईची कापसाची पेढी लंडनशी थेट भाव करू लागली. तारेच्या जगात अंतर मैलात मोजून भागत नाही, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं.

वेग कमी पडला की माणूस काय करतो, याचा सगळ्यात महागडा धडा मात्र १८५८ च्या अटलांटिक तारेने दिला. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेला पोचायला सोळा तास लागले. तारेचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याला वाटलं, जोर कमी पडतोय. त्याने दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब दिला. आधीच कच्चं असलेलं तारेचं आवरण तो सोसू शकलं नाही, आणि काही आठवड्यांत तार कायमची मुकी झाली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, आधीपासून सांगत होते की दोष दाबात नाही. तार लांबली की संकेत पसरट होत जातो, आणि हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यांनी दाब न वाढवता पलीकडच्या टोकाला अतिशय क्षीण संकेत ओळखणारं आरशाचं यंत्र बसवलं. अडलंय कुठे हे न बघता वरून जास्त ढकलण्याची ही व्हाइटहाउसी सवय ब्रॉडबँडच्या ग्राहकांत आणि विक्रेत्यांत अजून जिवंत आहे. संथ वाटलं की दोघांनाही आधी आठवतं ते मोठं पॅकेज.

स्वातंत्र्यानंतर गावोगाव तार आणि टेलिफोन आला तो सरकारी खात्याच्या गतीने. मुंबईच्या चाकरमान्याला गावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि थांबायचं. घाई असेल तर अर्जंट, जिवावरचं काही असेल तर लाइटनिंग; दर त्या प्रमाणात चढत. फोन आळीत एखाद्याच घरी, म्हणून बाकीच्यांच्या वह्यांत तोच नंबर पुढे ‘पी.पी.’ लावून लिहिलेला. भारतात माणसाच्या मध्यस्थीशिवाय परगावी फोन लावण्याची, म्हणजे एसटीडीची, सोय पहिल्यांदा १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान झाली. लहान गावांपर्यंत ती उतरायला मात्र १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटची वाट पाहावी लागली. सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेने १२८ लायनींचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं. वातानुकूलन नसलं तरी चालणारं, धूळ-उष्मा सोसणारं हे यंत्र १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिल्यांदा बसलं. त्यामागोमाग पिवळ्या पाट्यांचे पीसीओ देशभर उगवले. मुरुडचा कोड ०२१४४. रात्री दर उतरला की बूथबाहेर रांग लागे, आणि काचेच्या खोक्यातलं बोलणं बाहेर बाकावर बसलेल्यांना सगळं ऐकू जाई.

या टेलिफोनसाठी टाकलेली तांब्याची तार पुढे इंटरनेटच्या पायात आली.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा त्याचा वेग ९.६ केबीपीएस होता. किनाऱ्यावरच्या गावांत ते रुजलं बऱ्याच उशिरा, टेलिफोनच्या नंबरावर डायल करून, मोडेमची ती किंचाळी ऐकत. तेव्हा वेगाची तक्रारच नसे. लागलं की पुष्कळ. ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं आणि २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या ठरवली. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची ‘डेटावन’ सेवा आली. फोनची तीच तार, तिच्यावर आवाजाच्या वरच्या कंप्रतांत माहिती पाठवायची. एकाच वेळी फोनही आणि नेटही, हे अप्रूप तेव्हा मोठं होतं.

मग आला १ जानेवारी २००७. केंद्राने ते ब्रॉडबँड वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, आणि बीएसएनएल-एमटीएनएलने २५६ च्या ग्राहकांना थेट २ एमबीपीएसपर्यंतचा वेग देऊ केला. आठपट वाढ, तीही भाडं न वाढवता. पॅकेज चढलं पण वेग चढला नाही, या तक्रारीचा भारतातला पहिला मोठा हंगाम बहुधा इथून सुरू होतो.

कारण तांब्याचा स्वभाव. एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका संकेत तारेतच जिरत जातो, आणि वरच्या कंप्रता आधी जिरतात. एडीएसएल-२ प्लस या पद्धतीची कागदावरची मर्यादा २४ एमबीपीएस. ती गाठायची तर घर एक्स्चेंजच्या दीड किलोमीटरच्या आत हवं. पाचेक किलोमीटरवर एक-दीड मिळाला तरी नशीब. मुरुडसारखी गावं गोल नसतात. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत ती लांब पसरलेली असतात, आणि तार रस्त्याच्या कडेने, वाड्यांच्या कुंपणांना वळसे घेत जाते. पक्ष्याला एक किलोमीटर असलेलं घर तारेला दोन-अडीच पडतं. २५६ केबीपीएससाठी हे सगळं चालून जायचं. तेवढ्या वेगाला तारेतला दोष दिसतच नव्हता. दोन एमबीपीएस मागितल्यावर तो उघडा पडला.

त्यात खारं वारं. समुद्राकाठी उघड्या जोडावर हिरवट थर चढायला एक पावसाळा पुरतो. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खांबावरच्या डब्यात पाणी शिरलं की फोनवर खरखर आणि मोडेमवर लुकलुकणारा दिवा. बोलणं कसंबसं चालायचं, म्हणून तक्रार टेलिफोनची होत नसे. आणि नेटची तक्रार केली तर खिडकीवरून उत्तर यायचं, ‘डायल टोन आहे ना? मग लाइन ठीक आहे.’

त्या काळचा लाइनमन हा या इतिहासातला सगळ्यात दुर्लक्षित कारागीर. त्याची पद्धत साधी आणि आजही अचूक आहे: लाइन मधोमध तोडायची आणि दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते बघायचं. एक्स्चेंजमधल्या एमडीएफवर, म्हणजे तारा वाटणाऱ्या मुख्य चौकटीवर मोजायचं, मग रस्त्याकडेच्या पिलरवर, मग खांबावरच्या डीपीत, मग घरात येणाऱ्या ड्रॉप वायरवर, शेवटी भिंतीवरच्या रोझेटवर. जिथपर्यंत चांगलं आणि जिथून वाईट, तिथे दोष. पेअर खराब निघाली तर केबलमधली दुसरी रिकामी पेअर द्यायची. काहीच जमलं नाही तर एक्स्चेंजमधून त्या लायनीचा वेग मुद्दाम खाली बांधून टाकायचा. दोनच्या जागी एक मिळे, पण सारखं तुटत नसे. ग्राहकाला ही फसवणूक वाटायची. खरं तर तो त्या तारेशी केलेला समंजस तह होता.

घरातल्या घरातही दोष असे, आणि तो कोणी शोधत नसे. मोडेमसोबत एक छोटा फिल्टर किंवा स्प्लिटर मिळायचा. समोरच्या फोनला तो लावला जाई. माजघरातल्या एक्स्टेन्शनला लावायचं राहून जाई. त्या एका बिनफिल्टरच्या फोनमुळे सगळी लाइन गढूळ व्हायची. अडण्याची जागा घरात शिरली होती. तेव्हा ती पाहुणी होती इतकंच.

वेगाला आणखी एक मर्यादा होती, ती तारेत नव्हती. सुरुवातीच्या स्वस्त योजनांत महिन्याला एखाद्या जीबीची मर्यादा असे. दोन एमबीपीएसने पूर्ण वेगात उतरवलं तर एक जीबी तासाभरात संपतं. ‘होम ५००’ या लोकप्रिय योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी नसे, म्हणून देशभरातले विद्यार्थी दोनचा गजर लावून डाउनलोड सुरू करत आणि पुन्हा झोपत. पुढे ‘अमर्याद’ योजना आल्या. त्यांत ठरावीक वापरानंतर वेग आवळला जाई, आणि हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असे. महिन्याच्या वीस तारखेनंतर नेट गळाठतं, याचं कारण कित्येक घरांनी मोडेममध्ये शोधलं. अखेर २०१६ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने आवळलेला वेगही ५१२ केबीपीएसच्या खाली जाता कामा नये असं बजावलं.

वाटेकरी किती, हा तिसरा हिशोब. कंपनी प्रत्येकाला विकलेला वेग प्रत्येकासाठी राखून ठेवत नाही. सगळे एकदम वापरणार नाहीत या भरवशावर एकच रस्ता अनेकांना विकते. ट्रायने २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नासपर्यंतचं प्रमाण मार्गदर्शक म्हणून सांगितलं होतं. आणि कधी अडचण याहूनही लांबची निघे. ३० जानेवारी २००८ ला भूमध्य समुद्रात अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या समुद्रतारा तुटल्या आणि भारताची परदेशाशी जोडणी एका झटक्यात निम्म्याच्या आसपास आली. त्या आठवड्यात ज्यांनी घरी मोडेम बदलले, त्यांचे पैसे फुकट गेले.

तांब्याची जागा काचेने कशी घेतली, ही गोष्ट धोरणापेक्षा केबलवाल्यांनी जास्त लिहिली. ट्रायने २००४ मध्ये सुचवलं होतं की सरकारी कंपनीच्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांनाही भाड्याने वापरू द्याव्यात. सरकारने ते मानलं नाही. साहजिकच बाकीच्यांना घरापर्यंत पोचायची दुसरी वाट शोधावी लागली, आणि ती तयार होती: १९९१ च्या आखाती युद्धापासून गावोगाव छतावरून-झाडांवरून गेलेली टीव्हीची केबल. महिन्याला दारात येणारा, सगळ्यांना नावाने ओळखणारा केबलवाला आता नेटही देऊ लागला. पुढे बीएसएनएलनेही घरोघर फायबर न्यायला स्थानिक केबलचालकांनाच भागीदार केलं. दुसरीकडे ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेत होती. पंचायतीच्या कचेरीपर्यंत आलेली काच तिथून वाडीतल्या घरात कोण नेणार, हा प्रश्न तिच्या आराखड्यापेक्षा मोठा होता.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचं वारं दुपारभर मुरुड, श्रीवर्धन, म्हसळ्यावरून गेलं. पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. मुंबईतल्या नातेवाइकांना गावची खुशाली कळायला दिवस लागले, काही गावांना वीज यायला आठवडे. टाळेबंदीचे ते दिवस. मुंबई-पुण्याहून आलेली नोकरदार मुलं लॅपटॉप घेऊन गावी अडकलेली, शाळा फोनवर भरणाऱ्या. चैनीचं समजलं जाणारं ब्रॉडबँड त्या पावसाळ्यात किराण्याच्या यादीत आलं.

फायबरने तांब्याचे बहुतेक जुने रोग संपवले. काचेला गंज चढत नाही, वीज ती ओढून घेत नाही, आणि जीपॉन या घरगुती फायबरच्या पद्धतीत केंद्रापासून वीस किलोमीटरपर्यंत प्रकाश पोचतो. मुरुड ते काशीद एवढं अंतर त्यात बसतं. नवे रोग निराळे. झावळी पडून तार ताणली जाते, खारी ती कुरतडतात, कोपऱ्यात घट्ट दुमडली की प्रकाश बाहेर गळतो. दुरुस्तीला येणाऱ्या मुलाचा पहिला प्रश्न असतो, ‘पॉवर किती येतेय?’ हातातल्या मीटरवर उणे वीसच्या आसपास डीबीएम दिसलं की तो निश्चिंत; उणे सत्तावीसच्या खाली गेलं की लाल दिवा लागतो आणि जोड पुन्हा करावा लागतो. पण इथे एक महत्त्वाचा फरक आहे. तांब्यावर अंतर वाढलं की वेग हळूहळू घसरायचा. फायबर बहुतेक वेळा एकतर चालतं, नाहीतर तुटक-तुटक होऊन बंद पडतं. तेव्हा नेट सुरळीत असून फक्त संथ असेल तर दोष काचेत असण्याची शक्यता कमी, तो इतरत्र.

कुठे, ते वेगाच्या वागण्यावरून कळतं. पहाटे उत्तम आणि रात्री नऊला रडकं असेल तर गर्दी. जीपॉनमध्ये सुमारे अडीच हजार एमबीपीएस बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात, आणि गावातल्या केंद्रापासून पुढे मुंबईकडे जाणारी जोडणी केबलचालकाने किती घेतली आहे, यावरही सगळं अवलंबून. याला घरात इलाज नाही. वेगवेगळ्या वेळची मोजणी लिहून तक्रार करणं एवढंच हाती. बरोबर जुन्या पॅकेजएवढाच वेग मिळत असेल तर नवं पॅकेज संगणकात चढलेलं नाही, किंवा चढलंय पण घरातला डबा, म्हणजे ओएनटी, जुन्याच सत्रावर चालू आहे. फायबरच्या काळात पॅकेज वाढवणं म्हणजे सर्व्हरवर एक ओळ बदलणं. खांबावर कोणी चढत नाही. ती ओळ लागू व्हायला ओएनटी बंद करून काही मिनिटांनी पुन्हा चालू करावी लागते. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

आणि वेग कोणत्याही वेळी, कोणत्याही दिवशी ९४ वर खिळला असेल तर तो पोर्ट. १९९५ च्या सुमारास रूढ झालेल्या फास्ट इथरनेटची मर्यादा १०० एमबीपीएस. माहितीच्या पाकिटांवरचे पत्ते-शिक्के यांत काही भाग खर्ची पडून हाती ९४-९५ उरतात. स्वस्त ओएनटी, जुने राउटर आणि बाजारातले लहान स्विच यांचे पोर्ट कित्येकदा एवढेच असतात. पोर्ट गिगाबिट असला तरी केबल दगा देऊ शकते: शंभरला आठातल्या चार तारा पुरतात, हजाराला आठही लागतात. क्रिम्पिंग करताना एक तार नीट बसली नाही, किंवा खाऱ्या हवेत तिची पिन काळी पडली, की दोन्हीकडची यंत्रं निमूटपणे शंभरवर उतरतात, काही न सांगता. शंभरच्या पॅकेजवर हा दोष असतोच, पण दिसत नाही. २००७ सारखंच.

वायफायची कथा भिंतींची आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि घरोघर वायफाय आलं. पाच गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीला लवकर हरणारा. मुरुडची जुनी घरं जांभ्या चिऱ्याची. जाड, पावसाळ्यात ओल धरणारी ती भिंत उन्हाळ्यात गारवा देते आणि वायफायला खाऊन टाकते. ओएनटी ओटीवर टीव्हीच्या मागे, लाकडी कपाटात. पाहुण्यांच्या खोल्या मागल्या अंगणात, मध्ये दोन भिंती आणि पत्र्याचं छप्पर. गारंबीचं पाणी मोठ्या नळाने गावात आलं तरी घरातल्या अर्ध्या इंचाच्या नळाला बादली भरायला तेवढाच वेळ लागतो. तसंच दोनशेचे चारशे केले तरी मागच्या खोलीत बारा ते बाराच. इथे खर्च करायचा तो पॅकेजवर नाही, मागच्या खोल्यांपर्यंत केबल ओढून तिथे वेगळा ॲक्सेस पॉइंट बसवण्यावर.

मोजण्यातही घोळ असतोच. पॅकेज मेगाबिटमध्ये, डाउनलोडची खिडकी मेगाबाइटमध्ये. दोनशेला पंचवीस दिसले तर ते पूर्णच आहेत. जुना फोन घेऊन मोजलं तर फोनचा वेग कळतो, जोडणीचा नव्हे.

कायद्याने यातलं काय कोणाकडे येतं, हे बघण्यासारखं आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर गेली, म्हणजे बीएसएनएलने त्याच्या सोळा वर्षं आधी देऊ केलेल्या वेगावर. ९४ वर तक्रार करणारा त्या व्याख्येच्या कितीतरी वर बसतो. विकलेल्या वेगाबाबत मात्र ट्रायचे २००६ चे नियम स्पष्ट होते: कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत विकलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळाला पाहिजे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सगळ्या सेवांसाठी एकत्रित नवे नियम लागू झाले आहेत. एकेकाळी टेलिफोनचं यंत्रही खात्याचंच असे आणि लाइनमन बिनदिक्कत माजघरापर्यंत येई. आता कंपनीची हद्द ओएनटीपाशी संपते. तो डबा कंपनीने दिलेला असेल आणि त्याचाच पोर्ट शंभरचा असेल, तर दोनशेचं पॅकेज विकताना डबा बदलून देणं तिच्याकडे आलं. तो तसा मागावा, आणि पॅकेज वाढवण्याआधी मागावा. पुढचा स्विच, केबल, ॲक्सेस पॉइंट हे घरमालकाचं. मागच्या खोल्यांकडे जाणारी केबल झाडावरून न नेता पाइपात घालून जमिनीखालून न्यावी लागते, दोन्ही टोकांना गिगाबिट मिळतंय का हे माती लोटण्याआधी तपासावं लागतं, आणि हे काम मृगाच्या आत उरकावं लागतं.